वजन चालत येतंय

आमची केझाया मावशी गाडीवानाची बायको. सगळा जन्म घोड्यामागे गेला तिचा. आधी नवरा गेला, मग कॅप्टन नावाचा घोडा गेला. जास्त कोणासाठी रडली ते मला विचारू नका. अंगाने अशी भरभक्कम की चर्चमध्ये तिच्या शेजारी बसणाऱ्याला थंडी वाजायची नाही.

माझा भाऊ ईनॉक कव्हेंट्रीच्या एका मोटर कारखान्यात झाडू मारायचा. तिथून नव्या मोटरी चालवून बघण्याच्या कामावर चढला. पुरतं वजन घालून मोटर बर्डल टेकडीवर न्यायची, आणि माथ्यावर इंजिनाचं पाणी उकळलेलं नसलं तर मोटर पास. त्या दिवशी पहिल्यांदाच काम त्याच्या एकट्यावर होतं आणि वर तपासायला कारखान्याचे खुद्द पार्जेटर साहेब उभे. बिघडलं की ईनॉकच्या हाती परत झाडू.

त्यातून वजनाची वाळूची पोती दुसऱ्याच मोटरीत गेलेली. ईनॉक घरी आला.

"मावशी, मोटरीत बसतेस?"

"फिरायला?"

"वजन म्हणून."

"खरं बोललास म्हणून येते," मावशी म्हणाली. बसायला कॅप्टनची घोंगडी घेतली आणि उरलेल्या जागेत मला कोंबलं.

चढ लागला. मोटर माणसाच्या चालीने जायला लागली, इंजिन धापा टाकायला लागलं, तशी मावशीची चुळबुळ सुरू झाली.

"दमलाय गं तो."

"कोण?"

"पुढचा." आणि उतरली की. आमच्यात चढावर घोड्याच्या जिवावर बसून राहणाऱ्याला कोणी चहा विचारत नाही. मावशी उतरल्यावर मी कुठली बसून राहते?

ईनॉक मागे न बघता वर पोचला. साहेबांनी मोटरीत डोकावलं. "वजन कुठाय?"

ईनॉकने मागे वळून पाहिलं. "येतंय साहेब. चालत येतंय."

साहेब हसले नाहीत. "परत खाली जा. वजनासकट वर ये. आता शेवटचं."

या खेपेला ईनॉकने मावशीला मागे तोंड करून बसवलं. तिला मागचा खाली जाणारा रस्ता तेवढा दिसे. "उतार लागला वाटतं," म्हणाली आणि पिशवीतला पाव, चीज, कांदा काढून निवांत खात बसली. मी हूं की चूं केलं नाही. माथ्यावर पोचलो तेव्हा पाण्याच्या टाकीच्या तोंडाशी वाफेचा धागासुद्धा नव्हता.

इंजिन चालूच ठेवून ईनॉक साहेबांना बोलवायला माथ्यावरच्या खानावळीकडे पळाला. मावशी उतरली. पुढे जाऊन तिने हात लावून पाहिला.

"घामाघूम झालंय लेकरू. वारं बाधेल." आणि घोंगडी इंजिनावर पांघरली, पार पुढच्या, वारा आत घेणाऱ्या जाळीपर्यंत.

तेवढ्यात साहेब आले. मला वाटलं, संपलं. साहेबांनी घोंगडी बघितली, तोंडातला पाइप काढला.

"अशी नाही बाई. छातीशी घट्ट हवी." आणि स्वतः वाकून त्यांनी दोन्ही कोपरे खोचले. त्यांचे वडील बिअरची पिंपं वाहणाऱ्या घोडागाडीवर होते, हे मागाहून कळलं.

"साहेब, अहो ती मोटर..." ईनॉक ओरडला.

"ओरडू नकोस. बिचकेल."

मग घोंगडीखालून बारीक शिट्टी आली, मागोमाग वाफेचा लोट. साहेब पांढऱ्या ढगात दिसेनासे झाले. बाहेर आले तेव्हा मिशांतून पाणी गळत होतं. आधी घोंगडीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"चढताना उकळलं होतं?"

"नाही साहेब."

"मग आत्ता कशाने?"

मावशीच म्हणाली, "तुम्ही जरा जास्तच घट्ट खोचलीत."

साहेबांनी मिशा पुसल्या. "पास," म्हणाले. "आणि हे कारखान्यात बोलायचं नाही."

ईनॉक म्हातारा होईस्तोवर त्याच कामावर राहिला. वजनाला मात्र पुढे वाळूची पोतीच मागायचा. त्यांना दयामाया नसते म्हणे.

मावशी गेली तेव्हा तिला टेकडीवरच्या चर्चला मोटरीतून नेलं. ईनॉक चालवत होता. चढ लागला, तसे कोणी न सांगता आम्ही सगळे उतरलो. पार्जेटर साहेबही उतरले, काठी टेकत. या खेपेला मावशी तेवढी उतरली नाही.