अध्यक्षांचा एच वन

ढोकीजवळच्या एका गावातल्या शाळेत मी संगणक शिकवते. शाळेची वेबसाइट हवी, असं वरून पत्र आलं तेव्हा मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"मॅडम, तुम्हाला ते एचटीएमएल का काय ते येतंय ना? टाका एखादं पान करून. साधंच."

येत होतं. आठवीच्या मुलींना मी तेच शिकवत होते. शब्दाआधी टोकदार कंसात इंग्रजी बी लिहिलं की पुढची अक्षरं ठळक होतात, आणि शब्द संपला की तोच कंस तिरकी रेघ घालून बंद करायचा. एच वन म्हणजे सगळ्यात मोठा मथळा, एच सिक्स सगळ्यात बारीक. मुलींना हे एका तासात कळलं. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना समजावण्यात उसाचा अख्खा गाळप हंगाम गेला, आणि तरी समजलंच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

पहिलं पान मी मनापासून केलं होतं. वर शाळेचं नाव, एच वनमध्ये. त्याखाली प्रवेशाच्या तारखा, लागणारी कागदपत्रं, एसटीच्या वेळा. तळाला पदाधिकाऱ्यांची नावं साध्या अक्षरांत. मुख्याध्यापकांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "नावं तळाला?" एवढंच म्हणाले, आणि अध्यक्षांना दाखवायला मला एकटीलाच पाठवून दिलं.

अध्यक्षांनी लॅपटॉप आधी लांबून बघितला, मग चष्मा लावून जवळून.

"माझं नाव कुठंय?"

मी पान सरकवत सरकवत खाली नेलं.

"एवढं खाली? आन् एवढं बारीक? मॅडम, लोकांच्या लग्नपत्रिकेत मला यापेक्षा मोठं छापत्यात."

"साहेब, शाळेचं पान आहे, म्हणून शाळेचं नाव मोठं ठेवलंय."

"शाळा कुणाची हाय?"

या प्रश्नावर एचटीएमएलमध्ये उपाय नाही. मी त्यांचं नाव वर घेऊन एच वन केलं. उपाध्यक्षांना एच टू दिला, सचिवांना एच थ्री. मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्याच दिवशी उपाध्यक्ष शाळेत हजर. यांचं तुळजापूर रस्त्याला भुसारचं दुकान आहे. पाहुणेरावळे सगळे कर्नाटकातले, त्यामुळं फोनवर कानडी, समोरच्याशी मराठी. फोन आटोपून ते माझ्याकडं वळले.

"मॅडम, माझं नाव कशात टाकलंय तुमी?"

"एच टूमध्ये, साहेब."

"म्हंजी दोन नंबरमध्ये."

"तो फक्त अक्षराचा आकार आहे हो."

"व्हय, पर बाजारात कुणी ऐकलं तर? मी दोन नंबरचा माणूस हाय का?"

त्यांच्या दुकानाबद्दल गावात जे बोललं जातं ते आठवून मला हसू आलं, पण ते मी खोकल्यात दडवलं आणि त्यांनाही एच वन केलं. मग सचिवांनी निरोप धाडला, मग खजिनदारांनी. सगळे एच वन झाले. भांडायला कुणीच आलं नाही ते एकट्या शाळेच्या नावासाठी. ते घसरत घसरत एच फोरवर गेलं.

सगळीच नावं सारखी मोठी झाल्यावर अध्यक्षांना त्यात काही राम वाटेना. कुठल्याशा दुकानाच्या पानावर त्यांनी पळती अक्षरं बघितली होती. तसं करा म्हणाले. मी सांगितलं, साहेब, ही रीत जुनी झाली, आता कुणी वापरत नाही. "आपण वापरू," ते म्हणाले. मी सगळी नावं पळत्या पट्टीत टाकून त्यांना दाखवायला नेली. उजवीकडून त्यांचं नाव आलं, डावीकडं गेलं आणि दिसेनासं झालं.

"गेलं की!"

"परत येतंय, साहेब."

"कवा?"

"बाकीचे येऊन गेले की."

ते वाट बघत बसले. उपाध्यक्षांचं नाव सावकाश, मिरवत गेलं. सचिवांचं तर लांबलचक, पदव्यांसकट. अध्यक्षांचा पाय टेबलाखाली हलायला लागला. शेवटी त्यांनी फैसला दिला, "मी उभा ऱ्हातो. बाकीच्यास्नी पळू द्या."

तसं केलं. या सगळ्यांना जागा पुरावी म्हणून प्रवेशाच्या तारखा मला अगदी तळाला, बारीक अक्षरांत ढकलाव्या लागल्या. शाळेच्या वेबसाइटचं उद्घाटन झालं, नारळ फुटला, लॅपटॉपला हारही घातला.

जूनमध्ये एक बाई मुलीला घेऊन फाटकात उभी होती. शेजारच्या गावाहून आली होती. हातातला मोबाईल तिनं माझ्यापुढं धरला.

"बाई, हे बगा की. नुसती माणसंच पळत्यात. फारम कवा भरायचा ते कुठं लिवलंय?"

मी बोटानं पान वर ढकलत राहिले. एक थांबलेला माणूस आणि बाकीचे पळणारे ओलांडून तारीख सापडली, ती कालची होती. पोरगी माझ्याकडं बघत होती. मी दोघींना मुख्याध्यापकांसमोर नेऊन उभं केलं. त्यांनी "नियम, नियम" म्हणत शेवटी फॉर्म घेतला. पण सगळ्याच मुली काही फाटकापर्यंत येत नाहीत.

त्याच दिवशी दुपारच्या मोकळ्या तासाला मी कुणाला न विचारता दुसरं पान केलं. साधे परिच्छेद, कागदपत्रांची एक यादी, एसटीच्या वेळा. ठळक केली ती फक्त शेवटची तारीख. नाव एकाचंही नाही. त्याची लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकली आणि गप्प बसले. पदाधिकाऱ्यांपैकी वर्षभर कुणी ते उघडलंच नाही. स्वतःचं नाव नसलेल्या पानात त्यांना काय बघायचं होतं?

यंदा मात्र अध्यक्षांच्या सुनेच्या मोबाईलवर ते त्यांना दिसलं. मला बोलावणं आलं.

"मॅडम, लोकं लई नाव काढायलेत या पानाचं. छान हाय. फकस्त वर थोडी जागा मोकळी दिसायली."

"साहेब, सध्या सर्व्हर डाउन आहे. काहीच बदलता येत नाही."

"बरं, बरं. चालू झाला की सांगा."

सांगते म्हटलं. पालक ते पान रोज उघडतात. साहेबांसाठी सर्व्हर अजून डाउनच आहे.