परत येणारा समास

बाइंडरमावशी काहीही विकत घ्यायला निघाली की तिच्या पिशवीत एक फूटभर लोखंडी पट्टी आणि मापाला म्हणून एक जुनं पुस्तक असायचंच. चपला घ्यायच्या असल्या तरी. भाचीला याची लाज वाटायची. त्या दिवशी तर भाचीच तिला दुकानात घेऊन चालली होती आणि भाचीच्या मोबाइलमध्ये एक तक्ता तयार होता: आठ ई-रीडर, कोणाचा पडदा किती इंची, कोणाची बॅटरी किती दिवस पुरते, कोणात किती फाइली मावतात. चार संध्याकाळी घालवून केलेला तो तक्ता मावशीने पाहायलासुद्धा मागितला नव्हता. भाची जरा फुगलेलीच होती.

यंत्र हवं होतं मामासाठी. मामा म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ. घरी बसून तो एका कचेरीचे कागद तपासायचा. करार, अहवाल, नियमावल्या. कुठे वाक्य अर्ध्यावर सोडलेलं, कुठे कर्ता एकीकडे नि क्रियापद दुसरीकडे, ते सगळं सरळ करून द्यायचं. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण आता हातानेच दगा दिला होता. सांधेदुखीने बोटं वळून बसली. सगळी औषधं करून झाली, तरी चिमूट काही जुळेना आणि चिमूट जुळल्याशिवाय पान उलटत नाही. कॉम्प्युटरवर वाचायला बसला तर तासाभरात डोळ्यांतून पाणी. घरातलं कोणीतरी शेजारी बसून पानं उलटून देईल म्हटलं, तर त्याने साफ नकार दिला. पान उलटायला दुसरं माणूस लागलं की आपलं वाचणं संपलं, असं त्याचं म्हणणं. चार महिने त्याने जेवणानंतरचं कॉमिकही उघडलं नव्हतं, आणि बारा वर्षांचा असल्यापासून तो नेम कधी चुकला नव्हता. त्यात कचेरीचा निरोप आला होता: सोमवारी मोठी नियमावली येतेय, जमणार असेल तर कळवा, नाहीतर दुसरीकडे देतो. एकदा दुसरीकडे गेलेलं काम परत येत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

मावशीचं स्वतःचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. खळीचा वास, पुठ्ठ्यांची चवड, आणि मधोमध चाक फिरवून दाबायचं कापायचं यंत्र. अडतीस वर्षं ती इथे पुस्तकं बांधत होती. शिवण इतकी घट्ट की पुस्तक जिन्यावरून पडलं तरी पान सुटायचं नाही. तिची एक खोड सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ होती. पातं खाली आणण्याआधी ती दोनदा मोजायची, मग उठून माठातलं पाणी प्यायची आणि परत येऊन तिसऱ्यांदा मोजायची. कितीही घाई असो. "मावशींचं पाणी पिऊन झालं की सांगा," असं म्हणून लोक चहाला निघून जायचे.

दुकानदाराने अर्थातच सगळ्यात मोठं यंत्र पुढे केलं. कागदाएवढा पडदा, डोळ्यावर उजेड न मारणारा, छापल्यासारखी अक्षरं. भाचीच्या तक्त्यात तेच पहिलं होतं, आणि किंमत वाचताना ती दर वेळी तो रकाना पटकन ओलांडायची. मावशीने किंमत विचारलीच नाही. ती म्हणाली, "बोट न लावता पान उलटून दाखवा."

दुकानदार हसला. मग त्याच्या लक्षात आलं की बाई थट्टा करत नाहीयेत. मोठ्या यंत्रावर बोट सरकवल्याशिवाय पान हलत नव्हतं. त्याने खालच्या फळीवरून एक लहान यंत्र काढलं. जुन्या धाटणीचं, स्वस्तातलं, कडेला दोन बटणं असलेलं. मावशीने मूठ वळली आणि बोटाच्या पेराने बटण दाबलं. पान उलटलं. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा उलटलं. वजन तर कोऱ्या वहीएवढंसुद्धा नव्हतं.

भाचीने मग आपलं घोडं पुढे दामटलं. एवढ्याशा पडद्यावर कचेरीचे कागद दिसणार कसे? तिने दुकानदाराकडून एक नमुन्याचा कागद त्यावर उघडून घेतला. मुंगीएवढी अक्षरं. तक्ता खरा होता, आणि खरं ठरल्याचा तिला मुळीच आनंद झाला नाही.

मावशीने पिशवीतून पट्टी काढली आणि थेट पडद्यावर ठेवली. दुकानदाराचा जीव खालीवर झाला. तिने अक्षरांची रुंदी मोजली, मग दोन्ही बाजूंची कोरी जागा मोजली.

"तिसरा हिस्सा कोरा आहे," ती म्हणाली. "समास कशाला असतो? बोटांनी धरायला. ज्याला बोटांनी धरायचंच नाही त्याला समास कशाला हवा? कापा तो."

भाची ओशाळून दुकानदाराकडे पाहायला लागली, पण तो म्हणाला की तशी सोय आहे. चारी बाजूंचा समास त्याने पडद्यावरून काढून टाकला आणि यंत्र आडवं धरलं. अर्धंच पान दिसायला लागलं, पण अक्षरं चांगली मोठी झाली. बटण दाबलं की उरलेलं अर्धं. मापाला आणलेलं पुस्तक म्हणजे मामाच्याच कॉमिकचा एक खंड होता. काळीपांढरी चित्रं, पानावर चौकटींच्या दोन ओळी. मावशीने पट्टी लावून पाहिलं. एका वेळी चौकटींची एक ओळ नेमकी बसत होती. मोठ्या पडद्याचे पैसे टाकायचं कारणच उरलं नाही.

मग मावशीने पट्टी पिशवीत ठेवली. ठेवता ठेवता तिने विचारलं, "आणि हे कापलेलं परत येतं?"

दुकानदाराने एक खूण दाबली आणि समास परत आला. मावशीने पुन्हा कापायला लावला, पुन्हा आणायला लावला. मग स्वतः करून पाहिलं, पाच-सहा वेळा. तिचे डोळे भरून आले होते. भाचीला काही कळेना. तिने मोबाइलमधला तक्ता पुसून टाकला.

यंत्र घरी आलं. रविवारी दुपारी मामाने जुन्या अहवालाची चाळीस पानं बोटाच्या पेराने उलटत एकट्याने वाचली, त्यात सात चुका काढल्या आणि कचेरीला स्वतः फोन करून सांगितलं की पाठवा.

राहिली कॉमिकं. चौदा वर्षं दर आठवड्याला निघालेले अंक, मावशीने वर्षाला एक याप्रमाणे बांधलेले. भाचीच्या ऑफिसातल्या स्कॅनरला सुटी पानं लागत होती. पुस्तकाच्या पाठीकडून पातं फिरवलं की मिनिटात काम होईल, असं भाची म्हणाली. मावशीने तिच्याकडे असं पाहिलं की तिने तो विषय पुन्हा काढला नाही. मावशी रोज दुकान बंद करायच्या आधी एक खंड मांडीवर घ्यायची आणि आपलाच एकेक टाका सुईने उसवायची. पानं सुटी व्हायची, फाटायचं एकही नाही. इतक्या शांतपणे स्वतःचं काम उसवणारं माणूस भाचीने पाहिलं नव्हतं. आपण हिच्या पट्टीची लाज बाळगत होतो, याचीच तिला आता लाज वाटली.

तेरा खंड यंत्रावर चढले. मामाने विचारलं, "पहिला कुठाय?"

"तो राहू दे," मावशी म्हणाली. "त्यात खालच्या बोलण्याच्या ओळी नाहीत, तुला ठाऊक आहे."

भाचीने खोदून विचारलं, मावशीने सांगितलं, आणि मग भाचीला सगळं समजलं. मावशी तेव्हा नुकती हे काम शिकत होती. धाकट्या भावाला भेट द्यायच्या घाईत तिने एकदाच मोजलं आणि पातं अर्धं बोट आत बसलं. वर्षभराच्या अंकांतल्या प्रत्येक पानाची, चित्रांखाली छापलेल्या बोलण्याची शेवटची ओळ कापली गेली. बोलणाऱ्यांची तोंडं उघडीच राहिली आणि बोलणं केराच्या टोपलीत गेलं. मामा तेव्हा रडला नाही, थँक्यू म्हणाला. तेच मावशीला अडतीस वर्षं सलत होतं. तिसऱ्यांदा मोजणं आणि मधलं पाणी त्या दिवसापासूनचं.

"ताई," मामा म्हणाला, "त्या ओळी मी बनवल्या. रोज जेवल्यावर एक पान घ्यायचं आणि यानं पुढे काय म्हटलं असेल ते ठरवायचं. नाही जुळलं तर दुसऱ्या दिवशी बदलायचं. अर्धं वाक्य दिसलं की पुरं करायची सवय मला तिथेच लागली. आजवर त्याच सवयीचा पगार खातोय. आण तो खंड."

मावशीने तो आणला, उसवला, भाचीने चढवला. भाची सवयीने समास काढायला गेली, पण त्या पानांना खाली काढण्याजोगा समासच नव्हता. मामाने यंत्र तळहातांवर घेतलं आणि मोठ्याने वाचायला लागला. छापलेलं संपायचं तिथे न थांबता, न अडखळता तो पुढचं म्हणत होता. एका जागी भाची खो खो हसली, आणि ते वाक्य कागदावर नव्हतंच.

मावशीने तो खंड त्या दिवसानंतर आजपर्यंत कधी उघडला नव्हता. ती हातातली सुई खाली ठेवून ऐकत होती. पान संपलं.

"मग पुढे काय म्हणतो तो?" तिने विचारलं.

मामाने पेराने बटण दाबलं.