शेळी वळून बघते

हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. सावंतकाकांचं पाकीट मी कधी उघडलंच नव्हतं. मी तेव्हा वर्तमानपत्रात सिनेमा आणि ॲनिमेशनवर लिहायचो. काका घरी एकट्यानेच छोटी ॲनिमेशन फिल्म करत होते. तिच्यावर लिहावं म्हणून त्यांनी त्या पाकिटातून चित्रांची वही पाठवली होती.

"बघितलीत का हो?" त्यांनी फोन केला.

"बघितली ना काका. झकास! एखाद्या रविवारी छापू."

"आणि शेळी?"

"शेळी तर काय, वा!"

काका गेले, तेव्हा त्यांची मुलगी म्हणाली, "दर रविवारी उठल्या उठल्या पेपर चाळायचे. नाही आलं तरी म्हणायचे, बघणारा एक तरी भेटला."

आज कपाट आवरताना ते पाकीट फोडलं. पंख्याच्या वाऱ्यानं वहीची पानं भराभर उलटली. शेळी जिना चढली, घसरली आणि वळून माझ्याकडे बघत राहिली. त्या एवढ्याशा नजरेसाठी काकांनी किती कागद खर्ची घातले असतील! आणि आपण न बघताच छान म्हणून मोकळे होतो.

काकांच्या फिल्मवरचा लेख मला अजून लिहायचा आहे. त्याआधी त्यांच्या मुलीला खरं सांगायचं आहे.