ताईने मांडलेला स्केटपार्क

ताई सातव्या महिन्यात माहेरी आली ती सरळ खाटेवरच. वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बाळंत होईपर्यंत पडून राहायचं. आधीचं बाळ पोटातच गेलं होतं, त्यामुळे घरात कुणी हुज्जत घातली नाही. ती दिवसभर वरच्या टिनांकडे बघत पडून असायची आणि कुणी विचारलं की म्हणायची, "बरी हाय."

मी तेव्हा पुण्याच्या एका कंपनीचं काम आमच्या किन्हीराजा गावातल्या घरूनच करत होतो. काम संपलं की लॅपटॉपवर स्केटबोर्डचा गेम काढायचो. खेळण्यापेक्षा मला त्यातलं मैदान तयार करणं आवडायचं. उतार, पायऱ्या, लोखंडी कठडे, वाटीसारखे खोलगट खड्डे आपल्या मनासारखे मांडायचे आणि मग त्यांवरून चाकांची फळी पळवायची. नेट ताईच्याच खोलीत धड यायचं, म्हणून मी तिच्या पायाशी बसायचो.

एका दुपारी ती कुशीवर वळली. "हे काय करून राह्यला तू?"

मी स्क्रीन तिच्याकडे फिरवली. गुळगुळीत सिमेंट, सगळं नवंकोरं.

"कोन्या गावचं हाय हे?"

"कोन्याच नाही. मनानंच केलं."

"तेच तं! इथी कोनी राहतच नाही असं वाटते. एवढे पोट्टे खेळतीन, तं पाहाले आलेले लोकं बसतीन कोठी?"

मी एक बाक ठेवला. तिला सावली हवी होती. गेममधली सगळी झाडं परदेशी. त्यातल्या त्यात कडुलिंबासारखं दिसणारं एक तिनंच निवडलं. मग ती डोळे मिटून सांगत गेली आणि मी मांडत गेलो. शाळेचा ओटा, कडा झिजलेला. देवळाच्या पायऱ्या, त्यांतली एक खचलेली. आणि तलावाच्या भिंतीवरून खाली येणारा रस्ता. लहानपणी मला कॅरिअरवर बसवून ती तिथून बाबांची सायकल सोडायची.

"एवढा सरळ नोता तो. मधात उंचवटा होता. तिथी तुये दात वाजत होते."

उंचवटा केला. गेममधला गडी भरधाव आला, तिथेच उडाला आणि तोंडावर आपटला. ताई इतकी हसली की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"अवं, पोटाले ताण येईन!" मग तिचंही लक्ष स्क्रीनकडे गेलं. "हे तं आपल्या शाळेचा ओटा दिसते. पण भितीवर धुनं कोठी हाय?"

गेममध्ये धुणं नव्हतं. मी रंगीत पताका टांगल्या. आईनं ते चालवून घेतलं.

नवव्या महिन्यात एका सकाळी ताई म्हणाली, "हालचाल लागून नाही राह्यली." शेजाऱ्यांची गाडी काढून वाशीमला निघालो. आई पुढे बसली, ताई मागच्या सीटवर माझ्या खांद्याला टेकून. मालेगाव मागे पडलं. मग तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"बोल न काही. तलावाच्या खाली काय करतं आता?"

मी बोलत सुटलो. सांडव्याजवळ वाटीसारखा खड्डा करू. त्याच्या काठाला कठडा लावू, पण गंजलेला.

"कठडा जरा ठेंगणा ठेव," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नव्या मानसाले उडी जमली पाह्यजे."

दवाखान्यात यंत्र पोटावर ठेवलं आणि ठोके ऐकू आले. आई तिथेच खाली बसली. डॉक्टरांनी ताईला ठेवून घेतलं. दोन दिवसांनी मुलगी झाली, लहानशी, डोकंभर केसांची.

वाट बघताना दवाखान्याच्या व्हरांड्यात मी तो खड्डा पुरा केला आणि पार्क गेमवर सगळ्यांसाठी खुला केला. कुठकुठले लोक त्यावर खेळू लागले. एकानं विचारलं, ही जागा खरोखर कुठे आहे? मी गावाचं नाव लिहून टाकलं.

आता ताई अनसिंगला, सासरी असते. परवा तिचा फोन आला, "आता आमचं बसस्टँड कर. पाहून कर, मनानं नोको करू." मी म्हटलं, मग व्हिडिओ पाठव.

तिनं पाठवला. फलाट त्यात कमीच दिसतो. भाची खांद्यावर आहे, तिचं टोपडं सारखं मधे येतं. ताई झपाझप चालते आहे, दम लागलेला, आणि चालता चालता बोलते आहे, "हे पाय, इथून उतार हाय... थांब, त्या टोकालेही दाखवतो तुले."