वानर गेल्यानंतरची राखण

भागोजी बावीस वर्षं एकाच आंब्याच्या बागेची राखण करत होता. बाग रत्नागिरीतल्या मांडवीला राहणाऱ्या चिंतामणभाऊंची, पण शहरापासून पाऊण तासावर, कातळाच्या उतारावर. कैरी सुपारीएवढी झाली की वानर येत, आणि तेव्हापासून शेवटचा आंबा उतरेपर्यंत भागोजीला काम एकच, ऐकणं. फांदी वाऱ्याने हलली तर कशी वाजते आणि वानराच्या वजनाने वाकली तर कशी, हे त्याला झोपेतही कळे. मग पत्र्याचा डबा बडवत तो असा ओरडे, की वाडीतल्या बायका म्हणत, "आले गो, भागोजीचे पावने आले!"

यंदाचा आंबा उतरला. पेट्या गेल्या, वानर डोंगरापलीकडे गेले. भागोजीचं ऐकणं मात्र थांबेना.

श्रावणातल्या दुपारी तो रिकाम्या बागेत डबा घेऊन उभा राही. पान हललं की छातीत धडधड. ऊन-पावसाच्या धूसर उजेडात झाडं हळूहळू जवळ येतायत असं वाटे. शेंड्याशेंड्यावर कुणीतरी बसलंय, शेपूट खाली सोडून, मुकाट, त्याच्याकडेच बघत. जवळ जावं तर नुसता ओला वारा.

"आवो, झाडाला पानाबिगर काय हाय? काय नेतील, पानं?" बायको गोदा म्हणाली.

"येतील."

"येऊ देत. च्या टाकते त्यांना."

एरवी तो हसला असता.

गणपती येऊन गेले, आणि एक दिवस तो अंथरुणातून उठलाच नाही. धडधड होती, पण लांब कुठेतरी, दुसऱ्याच्या छातीत असल्यासारखी. माशाचं कालवण मातीसारखं लागे. ओटीवर बसला की अख्खा दिवस त्याच्या अंगावरून पाण्यासारखा वाहून जाई.

"रत्नागिरीला जाऊ. मनाची डॉक्टरीन हाय तितं," गोदा म्हणाली.

"माला येडा ठरवतेस? भाऊंना कळलं तर बाग दुसऱ्याला देतील. मंग मी कोन?"

"आता तरी तुमी कोन हाव, सांगा."

दुसऱ्या दिवशी तो तिच्यासोबत रत्नागिरीच्या एसटीत बसला.

डॉक्टर मनस्विनी त्याच्या मुलीच्या वयाची. तिने वानरांबद्दलच विचारलं.

"ते आले की धडधडतं?"

"धडधडायलाच हवं. नायतर धावनार कसा?"

"आणि गेले की?"

"परत येतील म्हनून ऐकत बसतो."

"म्हणजे बावीस वर्षांत ते कधी गेलेच नाहीत."

ती सांगत होती, की संकटापुरता ताण शरीर पेलतं. संकट सरूनही तो उतरला नाही तर तो चिंता बनून राहतो, आणि कधी कधी त्या चिंतेने दमून मन विझल्यासारखं होतं. सगळ्यांचं असंच होतं असं नाही. "हा आजार आहे काका, वेड नव्हे. गोळ्या घ्या, माझ्याशी बोलायला येत जा. आणि कामात रोज थोडी सुटी हवी." तिचा आवाज खाडीपलीकडून यावा तसा येत होता. सुटी हा शब्द तेवढा जवळून ऐकू आला.

हळूहळू झोप लागू लागली. मोहोर आला तसे भाऊ बागेत आले. गोळ्यांचं सांगायचं नाही, असं भागोजीने पक्कं ठरवलं होतं.

"यंदाही तूच ना?" भाऊंनी विचारलं.

त्याला येणाऱ्या सगळ्या दुपारी एकदम दिसल्या, एकामागे एक, न संपणाऱ्या.

"भाऊ, मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू हायत माला. दुपारचा मी घरी जानार, जेवनार, निजनार. तेवढ्यापुरता दुसरा मानूस बघा."

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. गेली बाग, भागोजीला वाटलं.

"बघतो कोण मिळतो ते," भाऊ म्हणाले. "सकाळी मात्र तूच ये. नव्या माणसाला ती वानरं हिंग लावून विचारायची नाहीत."

घरी आल्यावर त्याने गोदाला सांगितलं.

"गोळ्यांचं पन बोललात?"

"बोललो."

ती होती तिथेच खाली बसली. भाऊंकडे जाऊन हे आपल्यालाच सांगावं लागणार, म्हणून महिनाभर ती शब्द जुळवत होती.