डावा गुडघा मामांचा, उजवा घड्याळवाल्यांचा

आमचे मामा आयुष्यात कधी डॉक्टरकडे गेले नाहीत. डॉक्टरच त्यांच्याकडे यायचे, रेडिओ दुरुस्त करून घ्यायला. त्यावरून मामांनी ठरवून टाकलं होतं की शरीर आणि रेडिओ यांत फारसा फरक नाही. कुठेतरी करंट कमी पडतो, एवढंच.

रेडिओचं दुकान कायमचं बंद केल्यावर या विचाराने उचल खाल्ली. समोरच्या जिन्याखाली बसणारे घड्याळवाले हे त्यांचे चाळीस वर्षांचे मित्र आणि तेवढ्याच वर्षांचे विरोधक. दोघांनी दुखण्यावर मायक्रोकरंटचा एकेक डबा बनवला. बॅटरी, काट्याचा मीटर, दोन वायरी आणि टोकांना ओल्या फडक्याच्या पट्ट्या. त्यातून इतका बारीक प्रवाह जायचा की लावणाऱ्याला काही कळतच नसे. न कळणं हाच त्याचा गुण, असं दोघंही सांगायचे. एकमत होतं ते एवढ्यावरच.

कोणाचा डबा सरस हे ठरवायला दुखणं हवं होतं, आणि ते घरातच होतं. मामींचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. लेक तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली त्याला वर्ष झालं, पण तिचं घर मामींनी फक्त फोटोत बघितलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, मामी तयार होत्या, तरी मामांनी दोन तारखा पुढे ढकलल्या. तिसरी महिन्यावर आली होती.

"महिनाभर डबे लावून बघू," मामा म्हणाले. "उतार पडला तर चिरफाड कशाला?"

गुडघ्यांची वाटणी झाली. रोज सकाळी दोघं स्टुलावर बसून आपापल्या गुडघ्याला पट्ट्या बांधायचे, मीटरचा काटा बघायचे आणि एकमेकांच्या काट्याला नावं ठेवायचे. मग विचारायचे, "आज कोणता बरा?"

"डावा," मामी पेपरातून डोकं वर न काढता सांगायच्या. घड्याळवाले हिरमुसून स्क्रूड्रायव्हर काढायचे आणि डब्यातला स्क्रू केसभर फिरवायचे. दुसऱ्या दिवशी "उजवा." मग मामांचं जेवणात लक्ष नसे.

अठ्ठावीस दिवसांनी मामांनी रोजच्या उत्तरांची वही उघडली. चौदा वेळा डावा, चौदा वेळा उजवा.

"अहो, गुडघे होते तसेच आहेत," मामी म्हणाल्या. "उठताना तुमचा हात लागतोच ना मला?"

"मग महिनाभर बोलली का नाहीस?"

"भीती तुम्हाला वाटत होती, मला नाही. म्हटलं, महिना हवाय ना यांना, घेऊ देत."

मामांनी वही मिटली. मला येत असलेलं हसू तिथेच विरलं. लोकांचे रेडिओ बेधडक उघडणारा हा माणूस, बायकोला कोणीतरी उघडणार या धास्तीने महिनाभर फडकी ओली करत होता.

ऑपरेशनच्या दिवशी आत जाण्याआधी मामींनी पिशवीतून दोन्ही डबे काढले आणि दोघांच्या मांडीवर ठेवले. "मी बाहेर येईपर्यंत लावून बसा."

बसले बिचारे. बाकावर दोन म्हातारे, मनगटांना ओली फडकी. मामांच्या मीटरचा काटा सारखा थरथरत होता. घड्याळवाल्यांनी सवयीने स्क्रूड्रायव्हर काढला, डबा निरखला, मग मामांचा हात बघितला. स्क्रूड्रायव्हर खिशात टाकून त्यांनी तो हात धरला.

"डबा चांगलाय तुझा," ते म्हणाले. चाळीस वर्षांतलं हे पहिलं कौतुक.

सगळं नीट झाल्याचं सांगायला दुपारी नर्स आली, तेव्हाही त्यांनी तो हात सोडला नव्हता.