पुडीचं विरजण

आमच्या घरी दही मी नाही, आमचे हे लावतात. फॅक्टरीतून आले की हातपाय धुवायचे, दूध कोमट करायचं, बोट बुडवून बघायचं आणि मग विरजण. मी लावलेल्या दह्याला तार सुटते, म्हणून सासूबाईंनीच ते काम यांच्याकडे दिलं होतं. बरंच झालं म्हणा!

आमची पोरगी बारावीत. मागच्या वर्षी तिला संडासातून रक्त पडायला लागलं आणि घरातलं हसणं-बोलणंच संपलं. इथल्या नेपियर टाउन भागातल्या डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासून समजावलं, की शरीराची राखण करणाऱ्या पेशीच तिच्या आतड्यावर तुटून पडल्या आहेत. त्यांना आवरायला गोळ्या दिल्या आणि जोडीला चांगल्या जंतूंची पुडी. हे जंतू त्या पेशींना थोडं शांत करतात, पण सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, म्हणाले. रक्त पुन्हा दिसलं तर त्याच दिवशी यायचं. उशीर झाला तर मोठं आतडं काढावं लागेल.

आतडं काढायचं? एवढ्याशा पोरीचं? ऑटोत मी तिचा हात सोडलाच नाही.

यांनी मात्र पुडीवरचं वाचलं आणि चेहराच खुलला. "अगं, जिवंत जंतू म्हणजे विरजणच ना हे! पुडीत चिमूटभर, दह्यात भांडंभर होतील."

"तुम्ही डॉक्टर व्हायला निघाले काहून?" मी म्हटलं. "पाण्यात घालून द्या अन् मोकळे व्हा."

ऐकतील तर शपथ! दुसऱ्या दिवशी पुडीचं दही असं लागलं, अगदी कवडी. मग रोज वाटी घेऊन हे पोरीसमोर उभे. "फरक पडून राहिला ना, बेटा?"

"हो बाबा, ठीक आहे."

मी विचारलं तरी तेच उत्तर. तरी संडासाची कडी वाजली की मी हातातलं काम टाकून तिचा चेहरा बघायचे. पोरगी वाळत चालली होती आणि मी परीक्षेला दोष देत होते.

एका दुपारी कोचिंगमधून फोन आला, तुमची मुलगी जिन्यात चक्कर येऊन पडली. आम्ही पोचलो तर ओठ पांढरेफटक. तसंच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली. "ब्लड कब से जा रहा है, बेटा?"

तिने आधी बाबांकडे पाहिलं. "दही सुरू केलं त्याच आठवड्यापासून."

"मग बोलली काहून नाहीस?" मी ओरडलेच.

"बाबा किती खूश होते, आई. रोज विचारायचे. नाही कसं म्हणू मी?"

डॉक्टर म्हणाले, दह्याने बिघडलं असं नाही, पुडीतले जंतू त्यात किती उरले तेही सांगता येत नाही. पण वेळ गेला. त्यांनी सर्जनला बोलावलं, तसे हे भिंतीला टेकून खालीच बसले.

ऑपरेशन सध्या टळलंय. 'सध्या' हा डॉक्टरांचा शब्द. दवाखान्यात जाऊन सलाइनमधून नवं औषध घ्यायचं आणि घरी यायचं, असं चालू आहे. आमच्या घरी आता दही लागत नाही.

आज सकाळी ती संडासातून बाहेर आली. हे खिडकीकडे वळले, म्हणून मीच विचारलं.

"ठीक आहे, आई," ती हसून म्हणाली.

मी तिला बाजूला सारून आत गेले. तिने फ्लश करून टाकलं होतं.